अठ्ठावीस ओळी आणि आठ ओळी: एका टूलबारच्या फेरमांडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीचं हे प्रकरण आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. ही कंपनी पतसंस्था, दूध संघ, वकिलांच्या कचेऱ्या अशा ठिकाणी चालणारं मराठी दस्तऐवजांचं पॅकेज विकते. पत्रं, थकबाकीच्या नोटिसा, सभेची इतिवृत्तं, ठराव, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली प्रकरणांचे कागद असं सगळं त्यात तयार होतं. जोडीला नोंदवह्यांसाठी तक्त्यांचा एक वेगळा विभाग आहे. वापर-चाचण्या घेण्यासाठी कंपनीने मला बाहेरून बोलावलं होतं, तेव्हा नवी आवृत्ती ग्राहकांकडे पोचलेली होती आणि तक्रारी सुरू झाल्या होत्या.

पॅकेजचं जुनं रूप सगळ्यांच्या परिचयाचं: वर मेनू, त्याखाली बारक्या चिन्हांच्या दोन ओळी. ऑफिस २००३ पर्यंत वर्डही साधारण असाच दिसायचा. २००७ साली मायक्रोसॉफ्टने रिबन आणली त्यामागचं कारण रास्त होतं. तोवर वर्डमध्ये तीसेक टूलबार साठले होते आणि हवी ती आज्ञा कुठे दडली आहे हे माणसाला सापडेनासं झालं होतं. रिबनने त्या आज्ञा टॅबखाली, गटागटाने, नावांसह मांडल्या. पुढे बहुतेकांना तेच वळण पडलं, आणि या कंपनीचे ग्राहकही विक्रीच्या माणसांना विचारू लागले, "तुमचं वर्डसारखं का नाही दिसत?" त्यामुळे नव्या आवृत्तीत रिबन घ्यायची ठरली. निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. नवख्या माणसाला नावं लिहिलेली मोठी बटणं सोपी जातात.

फक्त एक गोष्ट मध्ये घडून गेली होती. रिबन आली तेव्हा ऑफिसातले पडदे बरेचसे ४:३ आकाराचे (रुंदीचं उंचीशी प्रमाण), १०२४×७६८ पिक्सेलचे, म्हणजे पडद्यावरच्या बारक्या ठिपक्यांचे, होते. त्यानंतरच्या काही वर्षांत लॅपटॉप १६:९ कडे वळले आणि स्वस्त लॅपटॉपवर १३६६×७६८ हा पडदा ठाण मांडून बसला. रुंदी १०२४ ची १३६६ झाली, पण उंची ७६८ वरच राहिली. आपला कागद मात्र उभाच. त्या उभ्या कागदाची आडव्या पडद्यावर आधीच ओढाताण होती, आणि रिबन नेमकी उंचीतूनच जागा खाते.

अडचण

तक्रारी मोघम होत्या. "जागा पुरत नाही", "अक्षर बारीक दिसतं", "जुनं परत द्या". कंपनीत त्यांचा अर्थ असा लावला गेला की लोकांना बदल नको असतो, महिन्याभरात सवय होईल. एका तालुक्याच्या पतसंस्थेत जाऊन बसल्यावर चित्र वेगळं दिसलं.

तिथल्या लिपिक ताई थकबाकीची नोटीस टाइप करत होत्या. नोटिशीत वर कर्जदाराचं आणि जामीनदारांचं नाव-पत्ता, मध्ये मजकूर, खाली मुद्दल, व्याज आणि एकूण रकमेचा तक्ता. त्या वर जाऊन नाव बघत, खाली येऊन रक्कम भरत, पुन्हा वर जात. थोड्या वेळाने त्यांनी पान ७० टक्क्यांवर आणलं आणि खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे वाकून टाइप करू लागल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, आधी नाव आणि रक्कम जवळजवळ एका वेळी दिसायची. आता नाव चिठ्ठीवर लिहून घेते." कीबोर्डच्या कडेला खरोखरच चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

त्यांचा लॅपटॉप १३६६×७६८ चा, आणि विंडोजची मोठी अक्षरं म्हणजे १२५ टक्के ही सेटिंग चालू. देवनागरी वाचायला ती बहुतेकांना लागतेच. या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरच्या हिशेबाने पडदा उरतो सुमारे १०९३×६१४ चा. आता उंचीचा जमाखर्च मांडू. टास्कबार ४०, शीर्षकपट्टी ३०, उघडलेल्या दस्तऐवजांचे टॅब २८, रिबनचे टॅब ३०, खुद्द रिबन ११८, मोजपट्टी २२, खालची स्थितीपट्टी २४. बेरीज २९२. लिहायला उरले ३२२ पिक्सेल. मंगल फॉन्ट १२ च्या आकारात, ओळींमध्ये दीडपट अंतर, म्हणजे एक ओळ साधारण ४० पिक्सेलची. ओळी दिसतात आठ. जुन्या आवृत्तीत याच लॅपटॉपवर दहा दिसत, अकरावीचं डोकंही दिसे.

रिबन ११८ ची का, हेही सांगायला हवं. आरेखनात ती ९६ ची होती. मोठ्या बटणांखाली दोन ओळींची मराठी नावं घातल्यावर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाऊ लागले, म्हणून शेवटच्या टप्प्यात कोणीतरी उंची वाढवली. वाढवायलाच हवी होती. पण त्या २२ पिक्सेलची भरपाई कुठून करायची, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

हाच २९२ चा खर्च संस्थेतल्या जुन्या चौकोनी मॉनिटरवर, १२८०×१०२४ वर, धरला तर १८ ओळी दिसतात. आरेखन करणाऱ्यांच्या टेबलावर २७ इंची २५६०×१४४० चे पडदे होते, तिथे २८. ज्यांनी रिबन बनवली त्यांना अठ्ठावीस ओळी दिसत होत्या आणि जिला ती दिवसभर वापरायची तिला आठ. तक्रारीचं मूळ सवयीत नव्हतं, या आकड्यांत होतं.

गंमत अशी की संस्थेच्या व्यवस्थापकांनी मध्यंतरी 'फुल एचडी' लॅपटॉप घेतला होता. १९२०×१०८०, पण कारखान्यातूनच १५० टक्क्यांवर लावलेला, म्हणजे हिशेबाने १२८०×७२०. त्यावर दहा ओळी. नवा महागाचा लॅपटॉप जुन्या मॉनिटरपेक्षा कमी का दाखवतो, हे त्यांना दुकानदारही समजावू शकला नव्हता.

समोरचे पर्याय

बैठकीत पहिला सूर 'जुनं परत द्या' हाच होता. स्वस्त आणि लगेच होणारा उपाय. पण नव्या ग्राहकांचं प्रशिक्षण एव्हाना रिबनवर झालं होतं, आणि दोन रूपं कायम सांभाळायची म्हणजे प्रत्येक नवी सोय दोनदा बसवायची.

दुसरी सूचना चिन्हं लहान करण्याची होती. १६ पिक्सेलची चिन्हं, मध्ये अंतर नाही. कागदावर उंची वाचत होती. पण वेब-सुलभतेची डब्ल्यूसीएजी २.२ ही नियमावली दाबायच्या जागेची किमान मर्यादा २४×२४ पिक्सेल ठेवते. ती वेबसाठी असली तरी बोटाला आणि माउसला वेब आणि डेस्कटॉप हा भेद कळत नाही. शिवाय हे पॅकेज वापरणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले लिपिक बरेच. हा पर्याय लवकरच बाद झाला.

तिसरा पर्याय साइडबारचा, आणि तो सगळ्यांना मनापासून आवडला होता. आडव्या पडद्यावर रुंदी फुकट जाते, मग बटणं बाजूला न्या, असं साधं गणित. त्याला आधारही होता. आयबीएमच्या लोटस सिंफनी या ऑफिस पॅकेजात बाजूला गुणधर्मांची पट्टी होती. ते काम पुढे अपाचे ओपनऑफिस या मोफत पॅकेजकडे गेलं आणि २०१३ च्या ४.० आवृत्तीत साइडबार म्हणून आलं. त्याच जातीच्या लिब्रेऑफिसनेही तो घेतला. म्हणून नमुना बनवला, ३०० पिक्सेल रुंदीचा, आणि त्या ताईंच्या लॅपटॉपवर चालवला.

१०९३ मधून ३०० गेले, उरले ७९३. ए४ कागद शंभर टक्क्यांवर ७९४ पिक्सेल रुंद असतो. एका पिक्सेलने हुकला! त्यात उभी स्क्रोलपट्टी १७ ची, म्हणजे प्रत्यक्षात ७७६. नोटिसा तर लीगल कागदावर निघतात, तो ८१६ चा. लगेच खाली आडवी स्क्रोलपट्टी उगवली आणि तिने वाचवलेल्या उंचीतले १७ पिक्सेल परत खाल्ले. कोणीतरी म्हणालं, पान रुंदीला बसवू, ९५ टक्क्यांवर लीगल बसतो. बसतो खरा, पण मग साइडबार उघडला-मिटला की सगळं पान लहान-मोठं होतं आणि वाचत असलेली ओळ डोळ्यांखालून सरकते. वैतागवाणा प्रकार होता तो. तक्त्यांच्या विभागात तर साइडबार उलटाच पडला. नोंदवहीला रकाने जास्त, तिथे रुंदी हीच मोलाची. शिवाय अरुंद पट्टीत देवनागरी नावं मावत नाहीत, आणि उभी फिरवून लिहिली तर मान वाकडी करून वाचावी लागतात.

चौथा पर्याय वापरणाऱ्यालाच निवडू देण्याचा. लिब्रेऑफिस हेच करतं. २०१७ च्या ५.३ आवृत्तीत त्यांची नोटबुकबार (रिबनसारखी पट्टी) प्रायोगिक म्हणून आली, आणि आज तिथे जुने टूलबार, एकेरी टूलबार, टॅबवाली रिबन, तिचं आटोपशीर रूप असे बरेच प्रकार मिळतात. तत्त्व म्हणून उत्तम. पण या कंपनीच्या फोनवर मदत देणाऱ्या माणसाने बैठकीत हात वर केला आणि जे सांगितलं त्यावर कोणी बोललंच नाही. तो दिवसभर "वर डावीकडून तिसरं बटण दाबा ताई" असं सांगून काम निभावतो. प्रत्येकाचं रूप वेगळं झालं तर त्याने काय सांगायचं? माझ्या मते त्या बैठकीतलं सर्वांत कामाचं बोलणं तेच होतं.

पाचवा पर्याय एका ओळीच्या पट्टीचा: जागा कमी असेल तेव्हा रिबनने स्वतःच एका ओळीत यायचं. मायक्रोसॉफ्टनेही २०१८ मध्ये अशी एका ओळीची सुटसुटीत रिबन जाहीर केली होती. शेवटी गाडी इथेच थांबली, पण त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या होत्या.

कशावरून ठरवायचं?

पहिला विचार पडद्याचं रिझोल्यूशन बघण्याचा होता. १३६६ असेल तर बारीक पट्टी, १९२० असेल तर पूर्ण रिबन. हा नियम व्यवस्थापकांच्या 'फुल एचडी' लॅपटॉपवरच आपटला, कारण तिथे १९२० दिसतं पण जागा १२८० चीच. मग पडद्याचा आकार, म्हणजे ४:३ की १६:९, हा निकष पुढे आला. तोही टिकला नाही. विंडोज ७ पासून लोक खिडकी कडेला ओढून अर्ध्या पडद्यावर चिकटवतात. डावीकडे कर्जखात्याचा उतारा, उजवीकडे नोटीस. मॉनिटर आडवा असला तरी पॅकेजची खिडकी तेव्हा उभी असते. पडद्याकडे बघून काहीच ठरत नाही. बघायचं ते खिडकीकडे, आणि तेही सेटिंगच्या टक्केवारीने भागून.

बरीच वादावादी होऊन निकष ठरला तो असा: पूर्ण रिबन ठेवून मजकुराच्या बारा ओळी उरतात का? उरत असतील तर पूर्ण, नाहीतर एका ओळीची पट्टी. बारा हा आकडा पतसंस्थेच्या नमुना नोटिशीतून आला. नावापासून रकमेच्या तक्त्याच्या पहिल्या रांगेपर्यंत साधारण तेवढ्या ओळी होतात. एरवी अशा ठिकाणी कोणीतरी गोल आकडा टाकून मोकळं होतं. इथे आकड्याला कागदाचा आधार होता, त्यामुळे पुढे कोणी तो बदलायला आलं की त्याच्यासमोर नोटीस ठेवता येत असे.

बटणं हलवायची का?

एका ओळीत सगळं मावणार नव्हतं. मग काय लपवायचं? एका तरुण अभियंत्याने सुचवलं की ज्या आज्ञा माणूस कमी वापरतो त्या आपोआप मागे जाव्यात. ऐकायला हुशार कल्पना, पण ही वाट आधी तुडवून झाली आहे. ऑफिस २००० मध्ये मेनू असेच वापरानुसार आखूड होत. काल दिसलेली आज्ञा आज जागेवर नाही, ती शोधायला खालचा बाण दाबा, यात लोक चिडत. रिबन आली तेव्हा तो प्रकार गेला.

म्हणून क्रम कायम ठेवायचा हे पक्कं झालं. पूर्ण रिबनमध्ये जो गट डावीकडून दुसरा, तो पट्टीतही दुसराच. बटण लहान होईल, त्याचं नाव जाईल, गट मिटून एका बाणाखाली जाईल, पण कोणी कोणाच्या पुढे उडी मारणार नाही. मदत करणाऱ्या माणसासाठी आणखी एक सोय झाली. शीर्षकपट्टीत आज्ञा शोधायची चौकट ठेवली. आता तो "तिसरं बटण" म्हणण्याऐवजी "वर चौकटीत 'समास' लिहा" असं सांगू शकतो, समोरच्याचा पडदा कसाही असो.

केव्हा बदलायचं?

बारा ओळींच्या उंबरठ्यावर खिडकी असली की रूप सारखं मागे-पुढे होई. सगळ्यात विचित्र नमुना वकिलांच्या कचेरीत सापडला. तिथला कारकून एखादं अवघड जोडाक्षर शोधायला पडद्यावरचा टच कीबोर्ड खाली डकवायचा. खिडकी आखडायची, रिबन पट्टी व्हायची. अक्षर टाकून कीबोर्ड मिटला की पुन्हा रिबन. एका 'ज्ञ' साठी दोनदा सगळं उड्या मारायचं. त्यावर दोन उपाय झाले. पट्टीवरून परत पूर्ण रिबनकडे जायला बारा नव्हे, चौदा ओळींची जागा लागेल. आणि टच कीबोर्ड उघडा असेपर्यंत काहीच बदलणार नाही. शिवाय एक कुलूप दिलं. ज्याला जे रूप हवं त्याने ते कायम करावं, आणि संस्थेला हवं असेल तर सगळ्या संगणकांवर एकदम.

काय बसवलं आणि काय झालं

पट्टी ४० पिक्सेलची झाली. दस्तऐवजांचे टॅब ब्राउझरसारखे शीर्षकपट्टीतच गेले, त्यातून २८ वाचले. खिडकी लहान असली तर मोजपट्टी आपोआप बंद, आणखी २२. त्या ताईंच्या लॅपटॉपवर ३२२ चे ४५० पिक्सेल झाले. आठाच्या अकरा ओळी. बारा नाहीत, हे मान्य, पण जुन्या आवृत्तीपेक्षा किंचित जास्त, आणि नमुना नोटिशीत तक्त्याचा मथळा तरी दिसू लागला.

जुन्या चौकोनी मॉनिटरवर पूर्ण रिबन तशीच राहिली, आणि तिथल्या लोकांना काही बदललं हे कळलंही नाही. व्यवस्थापकांच्या लॅपटॉपवर पट्टी आली ती त्यांना आवडली नाही. महागाच्या लॅपटॉपवर बटणं कमी का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी कुलूप लावून पूर्ण रिबन घेतली आणि अकरा ओळींत समाधान मानलं. कुलूप त्यासाठीच आहे.

साइडबार पूर्ण टाकून दिला नाही. खिडकी हिशेबाने १४०० च्या पुढे रुंद असेल तरच तो उघडण्याचा पर्याय दिसतो, तोही फक्त पत्रांच्या विभागात. एका दूध संघाच्या कार्यालयात २१:९ चा लांबलचक पडदा आहे, तिथे तो कायम उघडा असतो.

मदतीचे फोन बंद झाले नाहीत, त्यांचा विषय बदलला. "जागा नाही" च्या जागी "ते बटण बाणाखाली गेलं का?" असं विचारलं जाऊ लागलं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेचा प्रश्न मात्र अर्धवटच राहिला. तिच्यात चित्रं पूर्ण रिबनची आहेत आणि निम्म्या लोकांसमोर पट्टी असते. दोन्ही चित्रं छापली तर पुस्तिका जाडजूड होते, म्हणून सध्या क्रमाच्या आकड्यांवर भागवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रिबनची आवृत्ती ग्राहकांकडे फेब्रुवारीत गेली. पतसंस्थेत मार्चअखेर म्हणजे काय हे ज्याने पाहिलं आहे तो कपाळाला हात लावील. वसुली, नोटिसा, ताळेबंद सगळं त्याच सहा आठवड्यांत, आणि नेमकी तेव्हाच बटणं हललेली. एप्रिलच्या शेवटी दिली असती तरी ओळी आठच दिसल्या असत्या, पण लोकांचा पारा इतका चढला नसता आणि तक्रारी मोघम न राहता नीट ऐकून घेता आल्या असत्या.

चाचणीसाठी एक १३६६ चा, १२५ टक्क्यांवर लावलेला लॅपटॉप आरेखनाच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. सेकंड हँड बाजारात तो काही फार पैशांना मिळत नाही. ग्राहकांकडे कुठले पडदे आहेत याची यादी विक्री विभागाकडे हार्डवेअरच्या कोटेशनांमध्ये पडून होती, ती आरेखनाकडे कधी पोचलीच नाही. आणि नावांमुळे रिबनची उंची वाढली तेव्हा तो बदल किरकोळ समजून गेला. उंचीच्या जमाखर्चाचा एक साधा तक्ता भिंतीवर असता तर निदान कोणीतरी बोट ठेवलं असतं.

बारा ओळींचा निकष फक्त उंची बघतो, ही त्याची कमजोरी नंतर कळली. एका वकिलांनी आपला मॉनिटर उभा फिरवून घेतला आहे, १०८०×१९२०. लीगलचं अख्खं पान शंभर टक्क्यांवर एका नजरेत दिसतं, युक्तिवादाचा मसुदा तपासायला त्यांना ते फार सोयीचं पडतं. उंची भरपूर, म्हणून नियम पूर्ण रिबन देतो. पण पूर्ण रिबनच्या मुख्य टॅबला ११८० ची रुंदी लागते. त्यामुळे उजवीकडचे दोन गट मिटून बाणाखाली जातात, आणि त्यातच त्यांना सतत लागणारा परिच्छेद क्रमांकांचा गट आहे. खाली जागाच जागा असताना बटण लपलेलं. तिथे रिबन दोन ओळींत मोडायला हवी. हे काम पुढच्या आवृत्तीच्या यादीत आहे. तोवर ते वकीलसाहेब शोधचौकटीत 'क्रमांक' लिहून काम चालवतात.